विनोदी मालिका रंगीत झाल्या तेव्हा प्रेक्षक वाढले का? अमेरिकी दूरचित्रवाणीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साठच्या दशकातील अमेरिकी विनोदी मालिकांच्या चाहत्यांमध्ये एक जुना वाद आहे. काहींच्या मते रंग आला आणि मालिकांतली गंमत गेली, तर काहींच्या मते रंग आला म्हणूनच त्या मालिका आजवर टिकल्या. आपल्याकडेही हे प्रश्न विचारणारे वाचक आहेत, कारण १९९०च्या दशकात सोनी वाहिनीवर हिंदी आवाजात दाखवलेली ‘आय ड्रीम ऑफ जिनी’ आणि ‘बिविच्ड’ अनेक मराठी घरांत पाहिली गेली आहे. त्यांपैकी नेहमी येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत.

रंगीत प्रक्षेपण १९५४मध्येच सुरू झाले होते, तर विनोदी मालिका रंगीत व्हायला १९६५ का उजाडले?

तंत्र तयार असणे वेगळे आणि ते वापरणे कुणाच्या तरी फायद्याचे असणे वेगळे. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने १७ डिसेंबर १९५३ रोजी ज्या रंगीत पद्धतीला मान्यता दिली, तिचे वैशिष्ट्य असे होते की रंगीत प्रक्षेपण जुन्या कृष्णधवल संचावरही कृष्णधवल स्वरूपात दिसत असे. त्यामुळे कुणालाही घाईने नवा संच घेण्याची गरज पडली नाही. आरसीए कंपनीचा पहिला रंगीत संच १९५४मध्ये १,००० डॉलरला होता. त्या काळी ही रक्कम मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आवाक्याबाहेरची होती.

त्यात एनबीसी, सीबीएस आणि एबीसी या तीन देशव्यापी नेटवर्कमधली व्यवसायातली चुरस होती. एनबीसी हे नेटवर्क आरसीएच्या मालकीचे असल्याने एनबीसीवरचा प्रत्येक रंगीत कार्यक्रम म्हणजे आरसीएच्या संचांची जाहिरातच होती. सीबीएसची स्वतःची रंगीत पद्धत १९५१मध्येच गुंडाळली गेली होती आणि प्रतिस्पर्ध्याचे संच खपावेत म्हणून आपण खर्च का करावा, असा तिचा रोख होता. एबीसी तर तिघांत सर्वांत कमकुवत. तिच्याकडे पैसाच बेताचा होता. आणि त्या काळातील लोकप्रिय विनोदी मालिकांपैकी बहुतेक सीबीएस किंवा एबीसीवर होत्या, एनबीसीवर नव्हे. विनोदी मालिकांना रंग उशिरा लागला याचे कारण विनोदात शोधण्यापेक्षा या हिशेबात शोधावे.

१९६५च्या शरद ऋतूत एनबीसीने संध्याकाळचे जवळपास सर्व कार्यक्रम रंगीत केले, सीबीएसने सुमारे निम्मे केले, आणि १९६६च्या शरद ऋतूपासून तिन्ही नेटवर्कचे मुख्य वेळेतील कार्यक्रम रंगीत झाले. पुढील सर्व उत्तरांसाठी हे एक वर्षाचे अंतर लक्षात ठेवावे.

रेटिंग आणि क्रमांक यांत फरक काय?

नील्सन कंपनीचे रेटिंग म्हणजे दूरचित्रवाणी संच असलेल्या एकूण घरांपैकी किती टक्के घरांत तो कार्यक्रम लागलेला होता, याचा अंदाज. क्रमांक म्हणजे त्या हंगामातील, म्हणजे शरद ऋतूत सुरू होणाऱ्या प्रक्षेपणाच्या वर्षातील, इतर कार्यक्रमांच्या तुलनेतले स्थान.

हा फरक न केल्यास साठच्या दशकाचे आकडे दिशाभूल करतात. १९६३-६४मध्ये ‘द बेव्हर्ली हिलबिलीज’ ३९.१ रेटिंगसह पहिली होती. १९६७-६८मध्ये ‘द अँडी ग्रिफिथ शो’ केवळ २७.६ रेटिंगवर पहिली आली. मधल्या काळात एबीसी सावरले, प्रेक्षक तीन नेटवर्कमध्ये अधिक समान वाटले गेले आणि शिखर खाली आले. हीच वर्षे रंगाच्या आगमनाची असल्यामुळे ‘रंग आल्यावर रेटिंग पडले’ असे वाक्य सहज तयार होते. ते आकड्यांच्या दृष्टीने खरे आहे, पण कारण म्हणून निरुपयोगी आहे.

मग रंगीत झाल्याबरोबर एखाद्या मालिकेचे प्रेक्षक वाढले, असे म्हणता येते का?

याचा निवाडा करण्यासाठी १९६५-६६ हा एकच हंगाम खऱ्या अर्थाने उपयोगी आहे, कारण त्या एका वर्षी रंगीत आणि कृष्णधवल विनोदी मालिका मोठ्या संख्येने एकमेकींसमोर उभ्या होत्या. सीबीएसवरील ‘द बेव्हर्ली हिलबिलीज’ त्या वर्षी रंगीत झाली. एबीसीवरील ‘बिविच्ड’ आपल्या दुसऱ्या वर्षीही कृष्णधवलच राहिली. हंगामाअखेर दोघींचे रेटिंग २५.९ होते आणि दोघी सातव्या क्रमांकावर बरोबरीत होत्या. पुढच्या वर्षी ‘बिविच्ड’ही रंगीत झाली, आणि दोघींचे रेटिंग २३.४ झाले, पुन्हा सातव्या क्रमांकावर बरोबरी. एकीला रंग असताना बरोबरी, दोघींना रंग असतानाही बरोबरी. प्रयोगशाळेत मांडून ठेवावा तसा हा योगायोग आहे आणि माझ्या मते या संपूर्ण चर्चेतला सर्वांत बोलका दाखला आहे.

यामागचे गणित साधे आहे. १९६५च्या सुमारास अमेरिकेत शंभरांतील पाचच्या आसपास घरांत रंगीत संच होता. समजा, एखाद्या मालिकेचे सर्वसाधारण रेटिंग २६ आहे आणि रंगीत संच असलेल्या घरांत ती चौथाईने अधिक पाहिली जाते, म्हणजे तेथे तिचे रेटिंग ३२.५ भरते. घरातल्या नव्या, महागड्या संचावर माणूस मुद्दाम रंगीत कार्यक्रम लावणारच, त्यामुळे हे गृहीत अगदीच अवास्तव नाही. तरी एकूण रेटिंगमध्ये भर पडते ती साडेसहा अंशांच्या पाच टक्के, म्हणजे साधारण ०.३ अंशांची. एवढ्याने एखादा क्रमांक इकडेतिकडे होईल, पण मालिकेचे दैव पालटणार नाही.

१९६८पर्यंत रंगीत संच सुमारे चौथाई घरांत पोहोचले. त्या वेळी हाच लाभ दीड अंशापर्यंत गेला असता. परंतु तोवर समोरच्या दोन्ही नेटवर्कवरही रंगच होता, त्यामुळे लाभ कुणालाच नव्हता. घरे कमी होती तेव्हा फायदा नगण्य, आणि घरे वाढली तेव्हा फायदा उरला नाही.

पण ‘द लूसी शो’ रंगीत होताच आठव्यावरून तिसऱ्या क्रमांकावर गेला. हे रंगामुळे नव्हे तर कशामुळे?

हा आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर जरा विस्ताराने द्यावे लागते. या मालिकेच्या नायिका ल्युसिल बॉल यांची निर्मिती संस्था डेसिलू ही मालिका दुसऱ्या वर्षापासून, म्हणजे १९६३पासून, रंगीत फिल्मवर चित्रित करत होती. सीबीएस मात्र १९६५पर्यंत ती कृष्णधवलच दाखवत राहिले. दोन वर्षे रंगीत भाग डब्यात बंद आणि प्रेक्षकांसमोर करडी चित्रे, असा हा विचित्र संसार होता. या काळात मालिकेचा क्रमांक सहावा आणि मग आठवा होता. १९६५-६६मध्ये पडद्यावर रंग आला आणि क्रमांक तिसरा झाला. रेटिंग २६.६वरून २७.७ झाले.

वाढ १.१ अंशांची आहे. वरच्या हिशेबाप्रमाणे रंगाच्या वाट्याला यातला लहानसा भागच येऊ शकतो. त्याच वर्षी मालिकेचे कथानक कॅलिफोर्नियात हलवण्यात आले, व्हिव्हियन व्हॅन्स यांनी नियमित भूमिका सोडली आणि प्रसिद्ध पाहुण्या कलावंतांची ये-जा वाढली. हे सारे एकाच वेळी घडलेले असताना श्रेय एकट्या रंगाला देता येत नाही. नाकारताही येत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

‘गोमर पाइल’चे उदाहरणही असेच दिले जाते: पहिल्या, कृष्णधवल वर्षी तिसरा क्रमांक आणि दुसऱ्या, रंगीत वर्षी दुसरा. परंतु रेटिंग पाहिले तर ते ३०.७वरून २७.८वर आलेले आहे. क्रमांक चढला आणि प्रेक्षकांचा वाटा उतरला, असे एकाच वेळी घडू शकते.

‘द अँडी ग्रिफिथ शो’चे रंगीत भाग अपयशी ठरले, असे सर्वत्र लिहिलेले आढळते. हे खरे आहे का?

दर्जाविषयी बोलायचे असेल तर या मताला जागा आहे. लोकप्रियतेविषयी बोलायचे असेल तर ते सपशेल चुकीचे आहे. या मालिकेचे १५९ भाग कृष्णधवल आणि ९० भाग रंगीत आहेत. कृष्णधवल पाच वर्षांत तिचे क्रमांक चौथा, सातवा, सहावा, पाचवा आणि चौथा होते. रंगीत तीन वर्षांत ते सहावा, तिसरा आणि पहिला झाले. क्रमांक एकवर असताना बंद झालेल्या मोजक्या अमेरिकी मालिकांत तिची गणना होते.

चाहत्यांची खंत खरे तर रंगाविषयी नाही. शेरीफ अँडीचा मदतनीस बार्नी फाइफ ही भूमिका करणारे डॉन नॉट्स पाचव्या हंगामानंतर मालिकेतून बाहेर पडले आणि नेमका त्याच वेळी रंग आला. मेबेरी गावातला मुख्य गोंधळ घालणारा माणूसच गेल्यावर शेरीफ अँडीच्या शांतपणाला टेकू उरला नाही आणि पुढचे भाग सौम्य, काहीसे थकलेले वाटू लागले. प्रेक्षकाच्या स्मरणात मात्र दोन गोष्टींची गाठ बसली: रंग म्हणजे बार्नी नसलेले भाग. यातली गंमत अशी की नॉट्स नंतर पाहुणे कलावंत म्हणून रंगीत भागांत परत आले आणि त्यांतील कामासाठी त्यांना १९६६ व १९६७ असे दोनदा एमी पुरस्कार मिळाले. बार्नी रंगीतही तितकाच हसवत होता.

रंगीत झाल्यानंतर घसरलेल्या मालिका कोणत्या?

बऱ्याच आहेत. ‘पेटिकोट जंक्शन’ कृष्णधवल असताना चौथ्या आणि पंधराव्या क्रमांकावर होती. रंगीत झाल्यावर एकविसाव्या आणि तेविसाव्या क्रमांकावर गेली. ‘माय फेव्हरिट मार्शियन’ दहाव्यावरून चोविसाव्यावर आली होती. तिसऱ्या वर्षी तिला रंग दिला गेला आणि ती पहिल्या तिसांतूनही बाहेर पडून बंद झाली. यांत क्रम पाहावा: घसरण आधीची आहे, रंग नंतरचा. उतरणीला लागलेल्या मालिकेला रंगाने हात दिला नाही, एवढाच निष्कर्ष यातून निघतो.

‘हेझल’ची कथा थोडी निराळी आहे, कारण ती एनबीसीवर असल्याने फार लवकर रंगीत झाली. १९६१-६२च्या पहिल्या वर्षी ती कृष्णधवल होती आणि चौथ्या क्रमांकावर होती. त्या वर्षीचा केवळ एक भाग रंगीत होता, आणि त्याचा विषय काय असावा? घरात रंगीत दूरचित्रवाणी संच आणण्याची खटपट! आरसीएच्या विक्रेत्यांना याहून चांगली भेट मिळाली नसती. १९६२पासून मालिका पूर्णपणे रंगीत झाली आणि क्रमांक पंधरावा, मग बाविसावा झाला. ज्या काळात रंगीत संच जवळपास कुणाकडेच नव्हता, त्या काळात रंगाने तिचे नुकसान केले असे म्हणणे जितके अशक्य, तितकेच फायदा केला असे म्हणणेही.

‘द मन्स्टर्स’ आणि ‘द अ‍ॅडम्स फॅमिली’ कृष्णधवल राहिल्या म्हणून बंद पडल्या का?

१९६४मध्ये एकाच महिन्यात सुरू झालेल्या आणि १९६६मध्ये एकत्रच संपलेल्या या दोन मालिकांपैकी ‘द मन्स्टर्स’च्या बाबतीत रंगाचा प्रश्न खरोखर महत्त्वाचा आहे. तिचा चाचणीसाठी बनवलेला नमुना भाग रंगीत होता. मालिका मात्र पैसे वाचवण्यासाठी कृष्णधवल केली गेली. जुन्या भयपटांची थट्टा करणाऱ्या मालिकेला ते शोभतही होते. पहिल्या वर्षी ती ‘गिलिगन्स आयलंड’बरोबर २४.७ रेटिंगसह अठराव्या क्रमांकावर बरोबरीत होती.

दुसऱ्या वर्षी ‘गिलिगन्स आयलंड’ रंगीत झाली आणि बाविसाव्या क्रमांकावर तग धरून राहिली, तर कृष्णधवल ‘द मन्स्टर्स’ पहिल्या तिसांतून बाहेर फेकली गेली. ‘बिविच्ड’च्या उदाहरणावर विसंबून रंगाचे महत्त्व शून्य ठरवणाऱ्यांनी (त्यांत मी स्वतःही येतो) ही जोडी विसरू नये. जानेवारी १९६६पासून गुरुवारी संध्याकाळी ‘द मन्स्टर्स’समोर एबीसीवर ‘बॅटमॅन’ उभा राहिला. जांभळे, हिरवे, पिवळे असे भडक रंग हाच त्या कार्यक्रमाचा अर्धा विनोद होता. त्याचा गुरुवारचा भाग त्या हंगामात पाचव्या क्रमांकावर गेला. तरीही असे लक्षात घ्यावे की शंभरांतील नव्वद घरांना ‘बॅटमॅन’ही करड्या छटांतच दिसत होता आणि त्यांनीही तोच निवडला. नावीन्याने मात केली. रंग त्या नावीन्याचा एक घटक होता.

‘आय ड्रीम ऑफ जिनी’चे पहिले वर्ष कृष्णधवल का होते?

१९६५मध्ये एनबीसीने जवळपास सर्व काही रंगीत केले तेव्हा मागे राहिलेल्या दोनच मालिकांपैकी ही एक होती. मालिका फार काळ चालेल असा विश्वास नेटवर्कला नव्हता आणि जादूच्या दृश्यांची फिल्मवरची प्रक्रिया रंगात अधिक खर्चिक होती, अशी दोन कारणे दिली जातात. पहिल्या, कृष्णधवल वर्षी ती सत्ताविसावी होती. नंतरची चार वर्षे रंगीत होती, गुलाबी पोशाख आणि बाटलीचा अंतर्भाग डोळ्यांत भरेल असा. तरीही ती एकदाही पहिल्या विसांत आली नाही. आज आपल्याला ती त्या काळातील सर्वांत गाजलेल्या मालिकांपैकी वाटते, याचे कारण प्रथम प्रक्षेपणात नसून पुनःप्रक्षेपणात आहे.

‘द डिक व्हॅन डाइक शो’ कधीच रंगीत का झाला नाही?

तो १९६६मध्ये संपला म्हणून. सर्व १५८ भाग कृष्णधवल आहेत, आणि १९६५-६६च्या अखेरच्या वर्षीही तो सोळाव्या क्रमांकावर होता. निर्मात्यांना आणखी एक वर्ष करायचे असते तर रंग टाळता आला नसता.

रंगासाठी एखाद्या मालिकेने नेटवर्क बदलल्याचे उदाहरण आहे का?

‘माय थ्री सन्स’. पाच वर्षे आणि १८४ कृष्णधवल भाग एबीसीवर झाल्यानंतर रंगाचा वाढीव खर्च उचलण्यास एबीसी तयार झाले नाही, आणि १९६५मध्ये मालिका सीबीएसवर गेली. त्या संक्रमणात तिचा क्रमांक तेराव्यावरून पंधरावा झाला, म्हणजे जवळपास तसाच राहिला. पुढे ती १९७२पर्यंत चालली आणि एकूण ३८० भागांवर थांबली. जे एबीसी १९६५मध्ये पैसे देण्यास कचरले, त्याच एबीसीला वर्षभरातच सर्व काही रंगीत करावे लागले.

रंग फार लवकर आला म्हणून एखादी मालिका बुडाली, असे झाले का?

‘द जेट्सन्स’विषयी असे बोलले जाते. २३ सप्टेंबर १९६२ रोजी सुरू झालेली ही व्यंगचित्र-विनोदी मालिका एबीसीवरील पहिला रंगीत कार्यक्रम होती. भविष्यकाळातील घर, उडत्या मोटारी आणि यंत्रमानव मोलकरीण हे सारे रंगासाठीच रेखाटलेले होते. परंतु एबीसीच्या अनेक स्थानिक केंद्रांकडे रंगीत प्रक्षेपणाची यंत्रणाच नव्हती, आणि त्याच वेळी एनबीसीवर डिस्नेचा लोकप्रिय रंगीत कार्यक्रम लागत असे. २४ भागांनंतर मालिका थांबली. मात्र शनिवार सकाळच्या पुनःप्रक्षेपणांत तेच २४ भाग दोन दशके फिरत राहिले आणि १९८५मध्ये नवे भाग बनवण्यात आले.

मग रंगाचा खरा परिणाम कुठे झाला?

पुनःप्रक्षेपणात. मालिका संपल्यावर तिचे भाग स्थानिक केंद्रांना विकले जातात आणि निर्मात्याचा खरा नफा बहुधा तेथेच असतो. ल्युसिल बॉल यांनी सीबीएस दाखवत नसतानाही दोन वर्षे रंगीत फिल्मचा खर्च सोसला, तो याच दूरदृष्टीने. त्यांना पुनःप्रक्षेपणाची किंमत ‘आय लव्ह लूसी’ या आपल्या आधीच्या मालिकेच्या अनुभवातून पक्की ठाऊक होती.

१९७२पर्यंत अमेरिकेतील निम्म्याहून अधिक घरांत रंगीत संच आले आणि तेव्हापासून कृष्णधवल भागांचा भाव उतरत गेला. दुपारी शाळेतून आलेल्या मुलांसमोर ‘गिलिगन्स आयलंड’चे रंगीत भाग वर्षानुवर्षे लागत राहिले. प्रथम प्रक्षेपणात तिसऱ्या वर्षी पहिल्या तिसांतही नसलेली ही मालिका त्यामुळे अमेरिकेतल्या प्रत्येकाला पाठ झाली. ‘बिविच्ड’ आणि ‘जिनी’ यांची कृष्णधवल वर्षे बराच काळ अनेक केंद्रांनी दाखवलीच नाहीत. ‘बिविच्ड’चे ७४ कृष्णधवल भाग, त्यांतही पहिले वर्ष, हे तिच्या लोकप्रियतेचे शिखर, त्या वर्षी ती देशात दुसरी होती. सर्वाधिक पाहिले गेलेले भागच पुढच्या पिढीला सर्वांत कमी दिसले.

याला अपवाद आहेत. ‘आय लव्ह लूसी’ कृष्णधवल असूनही कधी पडद्याआड गेली नाही, आणि ‘अँडी ग्रिफिथ’च्या पुनःप्रक्षेपणांत चाहते आजही करड्या भागांचीच वाट पाहतात. पण अपवाद ठरण्यासाठी तेवढ्या तोलामोलाची मालिका असावी लागते. मधल्या दर्जाच्या मालिकांना मात्र रंग नसणे जड गेले; १९६२ ते १९६६ चाललेली आणि पूर्णपणे कृष्णधवल राहिलेली ‘मॅकहेल्स नेव्ही’ आज तिच्या रंगीत समकालीनांच्या तुलनेत कितीतरी कमी लोकांना आठवते.

भारतात दूरदर्शन रंगीत झाले तेव्हा असेच काही घडले का?

तुलना होत नाही. १५ ऑगस्ट १९८२ रोजी राष्ट्रीय प्रक्षेपण रंगीत झाले तेव्हा प्रेक्षकाला दुसरी वाहिनीच नव्हती. रंगीत विरुद्ध कृष्णधवल अशी निवड करण्याचा प्रश्न उद्भवला नाही. मुंबई केंद्रावर सत्तरच्या दशकात गाजलेली ‘चिमणराव गुंड्याभाऊ’ ही मालिका कृष्णधवल होती, एवढे साम्य सांगता येईल. पण तिच्यासमोर रंगीत प्रतिस्पर्धी उभा राहिला नाही.

जुन्या भागांना नंतर रंग भरले गेले, त्यांना प्रतिसाद कसा मिळाला?

‘गिलिगन्स आयलंड’च्या पहिल्या वर्षाचे ३६ भाग टर्नर कंपनीने संगणकाच्या साहाय्याने रंगवले. ‘बिविच्ड’ आणि ‘जिनी’ यांची सुरुवातीची वर्षे २००५-०६मध्ये डीव्हीडीवर आली तेव्हा ती मूळ आणि रंगवलेल्या अशा दोन्ही रूपांत विकली गेली, म्हणजे निवड ग्राहकावर सोडण्यात आली. सीबीएसने २०१३च्या नाताळात ‘आय लव्ह लूसी’चे दोन भाग रंगवून मुख्य वेळेत दाखवले, प्रतिसाद इतका चांगला होता की पुढची काही वर्षे तो नाताळचा परिपाठच झाला, आणि डिसेंबर २०१६मध्ये ‘द डिक व्हॅन डाइक शो’चेही दोन भाग रंगीत होऊन पडद्यावर आले, मालिका संपल्यानंतर पन्नास वर्षांनी.